रंग फोनवर सांगतो

आमच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा रत्नपाल मला बघायला आला आणि समोर ठेवलेल्या चहाला हात न लावता उठून गेला. माझ्या आईचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं. पुढच्या आठवड्यात होकार आला. लग्नानंतर मी त्याला विचारलं, त्या चहाने तुझं काय घोडं मारलं होतं? तर म्हणाला, "मुलीनं केलाय असं सांगितलं, आणि मुलगी तर माझ्यासमोर बसलेली. मग आत कपबशा कोण वाजवत होतं?" चहा माझ्या वहिनीने केला होता, हे खरंच होतं. तेव्हा मला हसू आलं. अशा माणसाबरोबर साधी मासळी आणायला जाणंही किती जड असतं, ते मला अजून ठाऊक व्हायचं होतं.

मी प्रज्ञा. नागावच्या बौद्धवाडीत आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते, मागच्या खोलीत रत्नपालचा कॉम्प्युटर. मी त्याला नावाने हाक मारते. सासूबाईंना ते आवडत नसे, पण मुलाचा स्वभाव त्यांनाही माहीत होता, म्हणून त्या मला फार बोलत नसत. "ह्याला पाळण्यात घातला तवा ह्यो पाळण्याची दोरी बघत व्हता, तुटंल का काय म्हनून," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

बांगड्याचे कल्ले उघडून सगळेच बघतात. रत्नपाल कोळणीच्या मागच्या पाटीतले कल्लेही बघतो. ही पाटी पुढे का आणि ती मागे का, असा त्याचा प्रश्न. पाहुण्यांनी जाताना "घर छान आहे हो" म्हटलं की ती माणसं फाटकाबाहेर पडायच्या आत हा खोलीत जाऊन चादरी मोजून येतो. एवढं गोड कशाला बोलत होते, म्हणून. फोनचा डेटा कायम बंद. डेटा चालू ठेवला की फोनमधलं सगळं आपोआप वर जातं, असं त्याचं ठाम मत आहे. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येत नाही. दिवसातून कधीतरी तो डेटा घाईघाईने चालू करतो, आलेलं बघतो आणि कुणी आत शिरायच्या आधी दार लावून घ्यावं तसा बंद करतो.

त्याचा धंदा पंचिंगचा. टोपीवर किंवा टी-शर्टच्या खिशावर भरतकामाचं जे चिन्ह असतं, ते आधी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने मांडावं लागतं, त्याला पंचिंग म्हणतात. लोकांना वाटतं, लोगोचा फोटो दिला, बटण दाबलं, की झालं. मशीनला फोटो कळत नाही. तिला एवढंच कळतं, की सुई इथे टोच, मग तिथे टोच, आता थांब, धागा बदल. हे सगळं एका फाइलमध्ये भरून द्यायचं. त्या फाइलला डीएसटी म्हणतात. शिवताना कापड ओढलं जातं आणि गोल काढला तर त्याचं अंडं होतं, म्हणून तो आधीच आडवा थोडा फुगवून काढावा लागतो. रत्नपाल हे काम करत असला की आमचं भांडण चालू असलं तरी मी त्याच्या पाठीमागे उभी राहून बघते. एरवी जगातली एकही गोष्ट सरळ न मानणारा हा माणूस पडद्यावर अशा काही नेटक्या रेघा ओढतो की मला त्याचा अभिमान वाटतो. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारेल, आज काय हवंय?

या डीएसटी फाइलची एक गंमत आहे. तिच्यात रंग नसतात. सुईने कुठे थांबायचं ते असतं, पण थांबल्यावर कुठला धागा लावायचा ते मशीनवाल्याला वेगळं सांगावं लागतं. बाकीचे पंचिंगवाले सोबत रंगीत फोटो पाठवून मोकळे होतात. रत्नपालला या गमतीत तिजोरी दिसली.

त्याला कारण होतं, नाही असं नाही. लग्नाआधी तो तुर्भ्याला गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. तिथेच पंचिंग शिकला. शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र त्याची डिझाइनं पेनड्राइव्हवर घालून बाहेर विकत होता. बोभाटा झाला तेव्हा डिझाइनं रत्नपालची म्हणून आळही रत्नपालवरच आला आणि नोकरी गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचा माणूस पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

नागावला येऊन स्वतःचं काम सुरू केल्यावर त्याने एक युक्ती काढली. चित्राचे भाग सरळ क्रमाने कधी पंच करायचे नाहीत. पाच भाग असले तर आधी चौथा, मग पहिला, मग एकदम शेवटचा. कुठल्या थांब्याला कुठला रंग, ते फक्त त्याच्या डोक्यात. फाइल कुणी चोरलीच तर चोराच्या टोपीवर नारळ जांभळा आणि समुद्र गुलाबी होणार. मशीनवर कापड चढलं की मशीनवाला फोन करणार आणि मग हा एकेक रंग सांगणार. "रंग फोनवर सांगतो" हे वाक्य मी आमच्या घरात "जेवायला वाढू का" यापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

असल्या माणसाबरोबर काम करायला कोण तयार होणार? अलिबागच्या दोघा मशीनवाल्यांनी हात जोडले. टिकला तो रेवदंड्याचा मुझम्मिल. बरीच वर्षं कतारला एका हॉटेलच्या लाँड्रीत राबून तो परत आला, आणलेल्या पैशातून भरतकामाची मशीन घेतली आणि घराची पडवी बंद करून तिथे ती मांडली. वयाने रत्नपालपेक्षा लहान, त्याला दादा म्हणतो, मला भाभी. रत्नपाल पेनड्राइव्ह खिशात घालून स्वतः रेवदंड्याला जायचा, फाइल स्वतः मशीनमध्ये भरायचा, पेनड्राइव्ह परत खिशात, आणि जमलं तर काम होईपर्यंत मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचा, नाही जमलं तर रंग फोनवर. काम झालं की फाइल मशीनमधून पुसायची आणि पुसली गेली का ते पुन्हा बघायचं. मुझम्मिलला याचा राग येत नसे. "दादा, तू माझ्या मशीनचा जावई हायस," तो म्हणायचा. "येतोस, मान घेतोस, जाताना काय ठेवून जात नायस." त्याची बायको आफरा चहा आणायची. तो चहा मात्र रत्नपाल प्यायचा, कारण तिची शेगडी खुर्चीवरून दिसायची.

तर आमच्या बौद्धवाडीत नवं विहार बांधून झालं. जुनं पत्र्याचं होतं. बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन ठरलं आणि येणाऱ्या पाहुण्यांना आणि वाडीतल्या प्रत्येक घराला एकेक पांढरी शाल द्यायची, शालीवर विहाराचं चिन्ह भरायचं, असं वाडीच्या समितीने ठरवलं. समितीचे अध्यक्ष कृष्णाजीकाका, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी रत्नपालला बोलावून सांगितलं, "बाहेर कुठं द्यायचं न्हाय. आपल्या पोराच्या हातचंच पायजे." त्या दिवशी तो घरी आला तो जरा ताठ चालत आला. वाडीने त्याला आजवर चक्रमच धरलं होतं, आणि त्याला ते माहीत होतं.

चिन्ह साधं होतं. वर पिंपळपान आणि खाली पंचशील ध्वजाची पट्टी. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. शेवटची सगळ्या रंगांची मिश्र पट्टी एवढ्याशा जागेत बसेना, ती कृष्णाजीकाकांना विचारून सोडली. हा क्रम आमच्याकडे रांगत्या पोरालाही पाठ असतो. दर घरावर झेंडा आहे. रत्नपालने पिंपळपान असं काढलं, की पानाच्या शिरांवर टाक्यांची दिशा बदलते आणि उजेडात ते हलल्यासारखं दिसतं. ध्वजाच्या पट्ट्या मात्र त्याने त्याच्या पद्धतीने उलटसुलटच भरल्या. मी म्हटलं, "अरे, झेंडा आहे तो. तो कुणी चोरून काय करणार?" तो म्हणाला, "पान चोरतील." नमुन्याची शाल झाली, कृष्णाजीकाकांनी पसंत केली, घरी नेऊन कपाटात ठेवली. तेव्हापासून रंगांचा तो क्रम रत्नपालच्या तोंडात बसला. पांढरा, निळा, केशरी, पिवळा, लाल. आंघोळ करतानाही तेच पुटपुटणं.

आणि मध्येच काशीदच्या टोप्या आल्या. तिथल्या एका होमस्टेवाल्याचं काम. सुरूची झाडं, खाली लाट, मागे सूर्य. फाइल आदल्या दिवशी मशीनमध्ये भरून ठेवली होती, आणि रंग सांगायला आम्ही निघालो तर चौलजवळ स्कूटर पंक्चर झाली. मला रेवदंड्याच्या बाजारात काम होतं म्हणून मीही सोबत होते. आम्ही पोचलो तेव्हा मुझम्मिल हसत दारातच उभा.

"बघ, दादा! तू येयाच्या आधी एक काढून ठेवली."

रत्नपालने टोपी हातात घेतली. सुरू हिरवे, लाट निळी, सूर्य केशरी. सगळं जिथल्या तिथे. मला वाटलं, शाबासकी देईल. त्याने टोपी उलटी करून आतले टाके पाहिले.

"तुला रंग कुणी सांगितले?"

"सांगतंय कोण? झाड हिरवंच असनार ना? लाट काय लाल असते?"

"पहिला थांबा लाटेचा होता. तुला कसं कळलं?"

"अरे, मशीन डोल्यासमोर चालू हाय. सुई कुठं फिरते ते दिसतं ना."

यावर कुठलाही शहाणा माणूस हसून मोकळा झाला असता. रत्नपाल म्हणाला, "फाइल बाहेर काढून बघितलीस. कुणाला दिलीस?"

आफरा ट्रे घेऊन येत होती, ती तशीच मागे वळली. मुझम्मिलने मशीन बंद केली. त्याचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "अल्लाची कसम, दादा, तुझी फाइल मी कुनाला दिली नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "ठीक हाय. आजपासून मी डोकं लावनार नाय. तू सांगशील तो रंग. एक सुई इकडची तिकडं नाय."

येताना मी रत्नपालला स्कूटरवर मागे बसून इतकं बोलले, की चौलच्या नाक्यावर लोक वळून बघायला लागले. तो एवढंच म्हणाला, "तुला माणसं ओळखता येत नाहीत." मी म्हटलं, "तुला ओळखलं नाही, तेवढं खरं." घरी आल्यावर तो जेवलाही नाही. कॉम्प्युटरपुढे बसला आणि विहाराच्या फाइलमधला पट्ट्यांचा क्रम त्याने पुन्हा बदलला. मुझम्मिलला जुना क्रम नमुन्याच्या वेळी कळलेला, तो आता धोक्याचा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, रुसून बसलाय.

पौर्णिमेच्या आधी माझ्या मावसभावाचं लग्न दिवेआगरला होतं. जायलाच हवं होतं. जाताना रेवदंड्याला थांबून रत्नपालने नवी फाइल मशीनमध्ये भरली. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. मुझम्मिल शाली चढवून तयार ठेवणार होता. "रंग फोनवर सांगतो," रत्नपाल म्हणाला आणि आम्ही आगरदांड्याला निघालो.

फोन आला तो आम्ही फेरीबोटीवर असताना. बोट दिघीच्या दिशेने निघाली होती, इंजिनाचा आवाज, वाऱ्याने कुणाचं ऐकू येईना, आणि हा तोंडावर हात धरून कुजबुजतोय. बाजूला टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती, तिच्याकडे त्याने पाठ केली. तिला बिचारीला डीएसटीशी काय घेणं होतं! "पांढरा," तो म्हणाला. "निळा. केशरी. पिवळा. लाल. झालं."

मी त्याला खेटून उभी होते, म्हणून तिकडून मुझम्मिल ओरडला ते मलाही ऐकू आलं. "दादा, नक्की? पयला पांढरा?"

"तू डोकं लावणार नव्हतास ना? मग नको लावू."

मुझम्मिल "बरं" म्हणाला. रत्नपालने फोन ठेवला आणि पलीकडे दिवेआगरला पोचेपर्यंत त्या म्हातारीने काय काय ऐकलं असेल याचा विचार करत राहिला.

लग्नात त्याचा फोन खिशातच होता. डेटा बंद, आणि मांडवात तर फोनला रेंजही धड नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीने आम्ही परत आलो आणि घरी न जाता सरळ विहारावर गेलो. सगळी वाडी पांढऱ्या कपड्यांत. बायकांनी खिरीची पातेली चढवलेली. भन्ते यायचे होते. शालींचं गाठोडं आदल्या संध्याकाळीच मुझम्मिलने कृष्णाजीकाकांच्या घरी पोचवलं होतं. "येकदा उघडून बघून घ्या," असं त्याने त्यांच्या सुनेला सांगितलं होतं म्हणे, पण ती खिरीच्या गडबडीत होती, इस्त्री केलेलं कशाला उलगडा म्हणून तिने तसंच ठेवलं.

कृष्णाजीकाकांनी गाठोडं सोडलं. वरची शाल उलगडली. पान सुरेख आलं होतं. आणि त्याखाली ध्वज. केशरी, लाल, पांढरा, पिवळा, निळा.

काकांनी दुसरी शाल उघडली, तिसरी उघडली. सगळ्या तशाच. एकही पट्टी जागेवर नव्हती. "ह्ये काय रं?" ते म्हणाले. विहारासाठी या म्हाताऱ्याने दारोदार हिंडून वर्गणी जमवली होती.

"शिवलं कुठं?" हिरामणने विचारलं. हिरामण समितीचा खजिनदार, आवाजाने मोठा.

"रेवदंड्याला," कुणीतरी म्हणालं. "मुझम्मिलकडं."

"अच्छा," हिरामण म्हणाला. त्या एका शब्दाने सगळ्यांच्या माना हलल्या. "आता कळलं. मुद्दाम केलंय. आपला कार्यक्रम नासवायचा व्हता त्याला. त्या लोकांना आपला झेंडा कशाला सरळ दिसंल?"

"मी तर म्हनतच व्हतो, आपल्यातलाच बघा," मागून एकजण बोलला. तो तसं कधीच म्हणाला नव्हता. पण आता सगळ्यांनाच आपण काहीतरी म्हणालो होतो असं आठवायला लागलं. एकाने मुझम्मिलच्या पडवीला परवानगी आहे का विचारलं. दुसरा म्हणाला, त्याला इथे बोलवा आणि सगळ्यांदेखत विचारा. भन्ते येणार, खीर शिजतेय, आणि विहाराच्या पहिल्याच दिवशी पायरीवर हे चाललेलं. मला शरम वाटली.

मी रत्नपालकडे बघत होते. सुरुवातीला त्याचे डोळे बारीक झाले, तो चेहरा मला पाठ आहे. कुणीतरी फसवलं की तसा होतो. मग त्याची बोटं मांडीवर हलायला लागली. एकेक बोट दुमडत तो काहीतरी मोजत होता, पुन्हा पहिल्यापासून मोजत होता, आणि मोजता मोजता त्याचा रंग उडाला. त्याने फोन काढला आणि डेटा चालू केला. मी मागेच उभी होते. धडाधड निरोप आले. मुझम्मिलने शालीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'दादा असंच ना? मला उलटा वाटतोय. फोन कर.' मग पुन्हा, 'फोन लागत नाय.' मग, 'तुमच्या धर्माचं काम हाय, मी माझ्या मनाने कसं बदलू? तू बोललास तसंच करतो.'

रत्नपालने ते वाचलं आणि फोन खिशात टाकला.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा सगळ्या संसारात आला नसेल. टोप्यांच्या भांडणानंतर तो कॉम्प्युटरपुढे काय करत बसला होता ते आता उमगलं; नवा क्रम भरून जुना क्रम सांगितला होता, एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. लोक स्वतःच कुलूप बदलतात आणि जुनी किल्ली घेऊन दाराशी उभे राहतात, तसलीच गत. पण हे आम्ही दोघं सोडून तिथे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. "मी बरोबर सांगितलं, त्याने चुकवलं," एवढं म्हटलं असतं तर रत्नपाल वाडीत सुटला असता. नुसता गप्प राहिला असता तरी सुटला असता. आणि रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत मुझम्मिलच्या नावाला जो डाग पडला असता तो कुठल्या साबणाने गेला नसता. खोटा आळ म्हणजे काय हे या माणसाला मी सांगायला हवं होतं का? मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "बोल."

हिरामण मुझम्मिलचा नंबर मागत होता. तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. मुझम्मिल तिथेच उभा होता. हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात धाग्यांच्या रिळांची पिशवी. फोन लागेना म्हणून बिचारा स्वतः आला असणार. चपला काढून आत यावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि सगळे बोलत होते त्याच्याचबद्दल.

"चूक माझी आहे," रत्नपाल म्हणाला.

"तू पांघरूण घालू नको," हिरामण म्हणाला. "दोस्त हाय म्हनून."

"पांघरूण नाही. रंग मी सांगितले. उलटे सांगितले."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. रंग फाइलमध्ये नसतात, तो पट्ट्या मागेपुढे का करतो, पुन्हा क्रम का बदलला, बोटीवर काय सांगितलं. ज्या गोष्टी त्याने मलासुद्धा कधी धड सांगितल्या नव्हत्या, त्या तो भर वाडीत, उन्हात उभा राहून सांगत होता. निम्म्या लोकांना काही कळलं नाही. कृष्णाजीकाकांना कळलं.

"म्हंजे तू आपल्या झेंड्याचे रंग मुद्दाम उलटेपालटे केलेस?" त्यांनी विचारलं. "कशापायी?"

"फाइल चोरीला जाऊ नये म्हणून."

"इहाराचा झेंडा कोन चोरनार हाय रं बाबा?"

लोक हसले. पोटभर हसले. रत्नपाल मान खाली घालून उभा होता. मलाही त्यात हसता आलं असतं, पण हसू आलं नाही, त्याची कीव आली. त्याने फोन काढून मुझम्मिलने पाठवलेला फोटो आणि खालचे निरोप हिरामणसमोर धरले. हिरामणने वाचले, घसा खाकरला आणि मांडवाची दोरी सैल झालीय म्हणून तिकडे गेला. बाकीच्यांनाही एकदम बरीच कामं आठवली. आपण काहीही म्हणालो नव्हतो, असं आता सगळ्यांना आठवत होतं.

कृष्णाजीकाकांनी शाली पुन्हा गाठोड्यात बांधल्या. पाहुण्यांना फुलं द्यायची ठरलं. मग त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं. "आत ये, पोरा," ते म्हणाले. "उन्हात काय उभा ऱ्हायलास?" मुझम्मिल चपला काढून आत आला आणि वंदना संपेपर्यंत मागच्या भिंतीशी शांत बसून राहिला.

जेवणं झाल्यावर तो नळापाशी खिरीची वाटी धूत होता. रत्नपाल त्याच्याजवळ गेला. मी पातेली घासायच्या निमित्ताने तिथेच होते.

"कधी आलास?" रत्नपालने विचारलं.

"हिरामणभाऊ 'अच्छा' बोलला तवाच."

"मग आत का नाही आलास?"

"बघत व्हतो, तू काय बोलतोस."

रत्नपालने वाहता नळ बंद केला. "माफ कर मला," तो म्हणाला. "त्या रंगांचं..."

"रंगांचं सोड, दादा. टाके उसवता येतात." मुझम्मिलने वाटी पालथी घातली. "येक सांग. खरं सांग हां. ते बोलले, मुद्दाम केलं. तवा तुला पन तसंच वाटलं काय?"

मी पातेलं घासायची थांबले. नाही म्हण, असं माझ्या मनात आलं. कुणीही नाही म्हटलं असतं. पण रत्नपालला जे खरं नाही ते बोलता येत नाही. त्याच्या सगळ्या त्रासाचं मूळ तेच असावं.

"वाटलं," तो म्हणाला. "फोटो बघेपर्यंत."

मुझम्मिलने मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. "हिरामणभाऊ मला वळखत नाय," तो म्हणाला. "त्याला वाटलं, त्याचं मला काय नाय."

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, मला "भाभी, येतो" म्हणाला. रत्नपाल त्याच्यासोबत फाटकापर्यंत गेला. मुझम्मिलने स्कूटर चालू केली, आणि निघता निघता म्हणाला, "शाली उद्या पाठव, दादा. मी उसवून पुन्हा भरतो. रंग कृष्णाजीकाकांना विचारून घेईन."

"बरं," रत्नपाल म्हणाला.